रात्री मशीन एकटं चालवावं का? कोकणातल्या जॉबवर्कवाल्यांसाठी चर्चा

खेर्डीचा टर्नर (धागाकर्ता)
माझं मत सरळ आहे. बार फीडर (लांब बार आपोआप पुढे सरकवणारं साधन) असलेलं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, लेथ संध्याकाळी सहाला बंद करून घरी जाणं आता आपल्याला परवडत नाही. कर्जावरचं व्याज रात्रीही चढतं, मशीन मात्र आठच तास चालतं.

हिशेब बघा. १६ मिमीचा पितळी बार, ३ मीटर लांब. नग ३० मिमी, पार्टिंगला (नग बारपासून कापून सोडवायला) ३ मिमी. शेवटचा तुकडा सोडून एका बारमधून ८५ नग निघतात. सायकल, म्हणजे एका नगाची वेळ, दीड मिनिट धरली तर पाच बार साडेदहा तास पुरतात. सकाळी ४२५ नग तयार. भाडं तेच, मशीन जुळवणारा सेटर तोच, जादा खर्च मुख्यतः वीज आणि टूलचा.

कल्पना जुनीच आहे. ब्रिटनमध्ये मोलिन्स कंपनीने १९६०च्या दशकात ‘सिस्टिम २४’ आखली ती याच पायावर: माणसांनी दिवसा पॅलेटवर नग लावून ठेवायचे, रात्री यंत्रांनी कापायचं. जपानची फानुक तर रोबोंकडून रोबो बनवून घेते, तेही कित्येक दिवस माणसाविना. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. एक लेथ, एकच नग, एक रात्र. ते जमलं की गणपतीत वर्कशॉप आठवडाभर बंद असतं, तेव्हाही चालवता येईल.

कुडाळकर
माका पटणां नाय. तुम्ही पितळ घेतलंत, म्हणून हिशेब गोड दिसतो. पितळाची चिप (कापताना निघणारा कीस) बारीक पडते. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) लावून बघा. लांबच लांब चिप निघते, टूलला आणि बार धरणाऱ्या चकला गुंडाळते, नग खालच्या कॅचरमध्ये पडतच नाही. दिवसा ऑपरेटर मशीन थांबवून हुकने ओढून काढतो. रात्री कोण काढणार?

आमच्या ओळखीच्या एका शॉपमध्ये पार्टिंगची इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) रात्री तुटली. नग सुटलाच नव्हता, तरी प्रोग्राम पुढे गेला. सकाळी टरेट (टूलं धरणारा फिरता भाग) जागचं हललेलं. दुरुस्तीचा माणूस पुण्याहून येईपर्यंत मशीन बंद, आणि रात्री मिळवलेलं सगळं त्यात गेलं.

खेर्डीचा टर्नर
एसएस रात्री लावूच नये, हे मान्य. पण तुम्ही सांगताय तो अपघात तपासणी नसल्यामुळे झाला. नग सुटला की नाही हे बघायची सोय कंट्रोलमध्ये घेता येते. बार फिरवणाऱ्या स्पिंडलचा लोड ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की मशीन थांबवता येतं. टूलने किती नग कापले ते मोजून, त्याचं आयुष्य संपायच्या आत टरेटवरचं जोडीचं टूल घेता येतं. मशीन अलार्म देऊन थांबलं तर फक्त उरलेली रात्र वाया जाते. हे बसवल्याशिवाय मीही दिवा मालवणार नाही.

लोटे सेफ्टी
दिवा मालवायच्या आधी कूलंट (टूल गार ठेवणारा द्रव) कोणतं आहे ते सांगा. पाण्यात मिसळणारं असेल तर एक गोष्ट. पण स्लायडिंग हेड प्रकारच्या लेथवर बरेच जण ‘नीट ऑइल’, म्हणजे पाणी न मिसळलेलं तेल, वापरतात. त्यात बोथट टूल घासत राहिलं तर चिप तापते आणि बंद केबिनमधल्या तेलाच्या धुक्याला आग लागू शकते. मशीनच्या आत आपोआप सुटणारी अग्निशमन यंत्रणा नसेल तर मी परवानगी देणार नाही. विमा कंपनीलाही आधी लेखी कळवा.

दुसरं, तुम्ही चिपळूणजवळच्या खेर्डीचे आहात. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी पहाटेच्या अंधारात कसं चढलं ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा वेळी मेन स्विच पाडायला माणूस लागतो.

आयटीआय निदेशक
सगळे मशीनचंच बोलताहेत, पोरांचं कुणी बोलत नाही. दर वर्षी माझ्याकडून शिकून निघालेली मुलं चाकणला, मुंबईला जातात. इथे जी चार-दोन कामं आहेत, त्यातली रात्रपाळी तुम्ही मशीनला दिलीत तर त्यांनी घरी राहायचं कशाच्या जोरावर? तोटा फक्त पगाराचा होत नाही. रात्री एकट्याने मशीन सांभाळून पोरगा तयार होतो.

खेर्डीचा टर्नर
सर, मी रात्रपाळीला माणूस शोधून थकलोय. शेवटची एसटी गेली की आडगावचा मुलगा येऊ शकत नाही. जी रात्रपाळी भरतच नाही, तिच्यातली नोकरी कशी जाईल? उलट सकाळी ते ४२५ नग तपासायला, ऑफसेट (मशीनमधली टूलची मापं) सुधारायला, टूल बदलायला जाणता मुलगा लागेल. बटण दाबणाऱ्यापेक्षा त्याला जास्त पगार द्यावा लागेल, आणि तो द्यायलाच हवा.

कुडाळकर
तपासणीचा विषय तुम्हीच काढलात. सगळे नग एकाच पेटीत पडले आणि दोनशेव्या नगानंतर माप बिघडलं, तर कुठला चांगला आणि कुठला वाईट? ४२५ पुन्हा मोजत बसा. तासातासाला फिरणारी कप्प्यांची पेटी हवी, म्हणजे बिघाड कुठे सुरू झाला ते कळतं. आणि पावसाळ्यात माइल्ड स्टीलचे नग खाऱ्या हवेत रात्रभर ओले पडले तर सकाळी गंज. त्यांना लगेच तेलात टाकावं लागतं.

खेर्डीचा टर्नर
फिरत्या पेटीचं एकदम पटलं, ती करून घेतो. गंजासाठी म्हणूनच पितळ.

लोटे सेफ्टी
मग गणपतीचा विचार सोडा. एका रात्रीनंतर सकाळी कुणीतरी कुलूप उघडतं. गणपतीत आठवडाभर कुणी फिरकणार नाही, वर पाऊस, वर वीज जा-ये करणार.

कुडाळकर
विजेचं मीही म्हणणारच होतो. यूपीएस फक्त कंट्रोलला असतो, स्पिंडलला नाही. वीज गेली की टूल नगात रुतून बसतं. दसरा झाल्यावर, पाऊस पूर्ण गेल्यावर, पितळ लावून चालवा. जून ते सप्टेंबर मी तरी माणसाविना मशीन ठेवणार नाही, तुम्ही कितीही सेन्सर लावा.