शिक्षकांचे वेतन विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी जोडावे का?

मूळ मत

बहुतेक देशांत सरकारी शाळेतील शिक्षकाचे वेतन प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते: त्याची शैक्षणिक अर्हता आणि सेवेची वर्षे. वर्गात तो जीव ओतून शिकवो वा केवळ तास भरो, वार्षिक वेतनवाढ दोघांनाही सारखीच मिळते. हा चांगल्या शिक्षकावर अन्याय आहे. इंडोनेशियात २००५च्या कायद्यानुसार प्रमाणित शिक्षकांना मूळ वेतनाइतकाच भत्ता मिळू लागला. शिक्षकांचे समाधान वाढले, पैशांची ओढाताण कमी झाली, परंतु पुढील दोन-तीन वर्षांत त्यांच्या विद्यार्थ्यांच्या गुणांत फरक आढळला नाही. म्हणून वेतनाचा काही भाग तरी विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर अवलंबून असावा.

प्रतिसाद १ (विरोधात)

इंडोनेशियातील तो अभ्यास आधीपासूनच सेवेत असलेल्या शिक्षकांचा होता. चांगल्या वेतनाचा मोठा परिणाम होतो तो हुशार तरुण या पेशाकडे वळतात का आणि वळले तर टिकतात का यावर, आणि तो दोन-तीन वर्षांत दिसणारच नाही. गुणांवर पैसे देण्याचा प्रयोगही नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२पासून शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेवर ठरू लागले, तेव्हा शिक्षक तेवढेच घोकून घेऊ लागले आणि शतक सरण्यापूर्वीच ती पद्धत मोडीत निघाली. अमेरिकेतील अटलांटा शहरात तर गुणांची उद्दिष्टे गाठण्याच्या दबावाखाली उत्तरपत्रिकाच बदलल्या गेल्या. २०११च्या चौकशीत ४४ शाळांमधील गैरप्रकार उघड झाले.

प्रतिसाद २ (बाजूने)

फसवणूक होते म्हणून मोजमापच सोडून द्यायचे, हे मला पटत नाही. आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सरासरी सुधारणेनुसार शिक्षकांना बोनस देऊन पाहिला गेला. ही रक्कम वार्षिक वेतनाच्या सुमारे ३ टक्केच होती, तरी दोन वर्षांनी गणित व भाषेतील गुण वाढलेच, शिवाय ज्यांवर बोनस नव्हता त्या विज्ञान व सामाजिक शास्त्रांतही मुले पुढे गेली. नुसती घोकंपट्टी असती, तर हे घडले नसते.

प्रतिसाद ३ (विरोधात)

मग अमेरिकेतील नॅशव्हिल शहराचे काय? तेथे २००६ ते २००९ या काळात गणिताच्या शिक्षकांसमोर १५,००० डॉलरपर्यंतचा बोनस ठेवूनही एकूण निकालांवर ठळक परिणाम झाला नाही. जेथे शिक्षक वर्गात येतच नाही, तेथे थोडे आमिष कामी येत असेल. जो आधीच मनापासून शिकवतो, त्याला आणखी काय करायला सांगणार? शिवाय निवृत्तिवेतन बहुधा अखेरच्या किंवा सरासरी वेतनावर ठरते, त्यामुळे वेतनातला एक भाग दरवर्षी हेलकावे खाऊ लागला, तर म्हातारपणाची तरतूदही डळमळते. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील, तर दुर्गम भागात जाणाऱ्यांना आणि शिक्षक मिळत नाहीत अशा विषयांसाठी द्यावेत; त्यासाठी कोणत्याही मुलाचे गुण मोजावे लागत नाहीत.