जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची राहण्याजोगी गाडी करावी का? कागद, ऊन आणि एसी

सोरेगावकर

नमस्कार. मी येत्या जूनमध्ये नोकरीतून निवृत्त होत आहे. घरी पत्नी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आहे. आईचे गुडघे गेले असले तरी फिरण्याची हौस तसूभरही कमी झालेली नाही. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर ही ठिकाणे एका दिवसात करून रात्री घरी परतता येते. परंतु तिला विजापूर, कूडलसंगम आणि हंपी पाहायची आहे, आणि तिथे मुक्काम म्हटला की लॉजचा जिना आणि उकिडवे बसण्याचे शौचालय आडवे येते. मागच्या वर्षी याच कारणाने आम्ही एका गावातून मुक्काम न करताच परत आलो होतो.

शाळेच्या वाहतुकीला लावलेली, नऊ वर्षे वापरलेली, पिवळ्या पाटीची एक ट्रॅव्हलर मिनीबस विकाऊ असल्याचे कळले आहे. सीटा काढून दोन पलंग, छोटा ओटा, न्हाणीघर आणि एसी असा बेत आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील बॉडीकाम करणारा एक कारागीर हे काम तीन आठवड्यांत करून देतो म्हणतो. असा बदल कायद्यात बसतो का, एसी बॅटरीवर रात्रभर चालेल का, आणि सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या गाडीत माणूस झोपू शकतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

होटगी रोड

नमस्कार. मी गेली चार वर्षे अशी गाडी वापरत आहे. आपण कारागिराशी बोललात, पण कागदांविषयी अजून कोणाशी बोललेला दिसत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच गोष्ट ठामपणे सांगितली आहे. सीटा काढल्या की आसनसंख्या बदलते, छपराला भोक पाडून झरोका बसवला की बॉडी बदलते, आणि नोंदणी पुस्तकात मात्र शाळेची बसच राहते. आपल्या नियमांत ‘मोटर कॅराव्हॅन’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा एवढे किमान असावे लागते, आणि टेबल सोडून बाकी सर्व गाडीला पक्के बसवलेले असावे लागते. अशा गाड्यांसाठी एआयएस १२४ हे मानक आहे. तेव्हा गाडीचा बयाणा देण्याआधी, करावयाच्या बदलांचा नकाशा जोडून, सोलापूरच्या (एमएच १३) परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. ‘साहेब ओळखीचे आहेत’ हे वाक्य अपघातानंतर विमा कंपनीपुढे कामाला येत नाही. विमा कंपनीलाही बदल आधी कळवावे लागतात, नाहीतर दावा नाकारायला तिला आयते कारण मिळते.

आणखी एक बाब. आठ वर्षांवरील व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी लागते. पाटी पिवळीच ठेवणार की पांढरी करून घेणार, आणि मधल्या काळातील कर किती थकला आहे, हे गाडी पाहायला जाल तेव्हाच विचारावे. परवान्याची चिंता मात्र नसावी. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

आता उन्हाविषयी. दुपारी तीन वाजता उन्हात उभ्या असलेल्या कोणत्याही ट्रॅव्हलरच्या छपराला आतून तळहात टेकवून पाहावा. तो हात ज्या वेगाने परत येतो त्यावरून खर्चाचा क्रम ठरवावा. पहिला पैसा छपराला, दुसरा काचांना, आणि उरला तर पलंगाला. मी पहिल्या वर्षी कारागिराचे ऐकून प्लायवूडच्या मागे काचलोकर (ग्लासवूल) भरली. पावसाळ्यात कोकणात आठ दिवस काढले तेव्हा तिने ओल धरली आणि परत येईपर्यंत गाडीला गोणपाटाचा वास सुटला. सगळे उचकटून मग नायट्राइल रबराच्या बंद छिद्रांच्या शीट गाडीच्या पत्र्याला घट्ट चिकटवल्या, छपराला बाहेरून पांढरा रंग दिला, आणि पुढच्या काचेला आतून चंदेरी परावर्तक लावून त्यावर आपली सोलापुरी चादर टांगली. पाहुणे त्या चादरीला हसतात, पण फरक पहिल्याच दुपारी जाणवतो. तरीही सांगतो, एप्रिल-मेमध्ये आईंना घेऊन निघू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपल्या भागातला काळ आहे.

पत्रा आणि पाना

मी गाड्यांचे इलेक्ट्रिकचे काम करतो, त्यामुळे फक्त एसीविषयी लिहितो.

एक टनाचा एसी चालताना ढोबळमानाने हजार वॉट घेतो. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. इन्व्हर्टरमधील घट धरली तर कॉम्प्रेसर सतत चालताना ती दोन-सव्वादोन तासांत झोपते. खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर थांबत-चालत असला तरी मेमधल्या पत्र्याच्या डब्यात तो थांबतो कमी. आपल्या ओळखीची ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी तर अर्ध्यापेक्षा खाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य घटते आणि वजन दुप्पट-तिप्पट असते. छपरावर ३३० वॉटचे दोन सौर पॅनेल आडवे टाकले तर स्वच्छ दिवशी दोन-अडीच युनिट वीज मिळते, म्हणजे दिवसभराच्या उन्हाची कमाई दोन तासांच्या एसीत जाते. गंमत अशी की ऊन जास्त म्हणून वीज जास्त, हा हिशेबही पूर्ण खरा नाही. पॅनेल तापले की पंचवीस अंश सेल्सिअसच्या वर प्रत्येक अंशाला त्याचे उत्पादन साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते, आणि आपल्याकडे दुपारी पॅनेल साठ-पासष्ट अंशांना सहज पोहोचते. पॅनेल छपराला चिकटवू नका, दोन इंच उंच बसवा; खालून वारा खेळतो आणि छपराला फुकटात सावली मिळते.

त्यामुळे एसी बसवायचाच असेल तर मुक्कामी बाहेरून वीज जोडण्याची सोय ठेवून बसवावा, आणि बॅटरीवर पंखे, दिवे व छोटा फ्रिज एवढेच चालवावे. बारा व्होल्टचा पन्नास लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला पाऊण युनिटच्या आसपास खातो, दोन पंखे रात्रभर चालून पाव युनिट. हे सुखाने भागते. आपली हवा कोरडी असल्याने बारा व्होल्टचा छोटा कूलरही सोलापूर-विजापूर पट्ट्यात चांगला चालतो. त्याला खिडकी किलकिली ठेवावी लागते आणि पाणी लागते. कोकणात तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो.

वायरिंग करताना एक गोष्ट कारागिरासमोर उभे राहून करून घ्या. बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात, मुख्य फ्यूज हवा. बारा व्होल्टवर हजार वॉटचा इन्व्हर्टर नव्वद-शंभर अँपिअर ओढतो. घरगुती वायरिंगच्या मापाची वायर वापरली तर ती प्लायवूडच्या मागे तापते, आणि तिथे धूर होईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत पलंगाखालच्या वायरचे आवरण वितळून गादीला चिकटले होते. गॅस ठेवणार असाल तर पाच किलोचाच सिलिंडर ठेवा, आणि त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असू द्या, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद हवा.

होटगी रोड

वरील प्रतिसादाला पाण्याची आणि वजनाची जोड देतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि अठरा मिलिमीटर प्लायवूडचा आठ बाय चारचा एक तक्ता तीस-पस्तीस किलोंचा. असे सहा-सात तक्ते आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला गेली की वळणावर गाडी तिकडे झुकते. नऊ-बारा मिलिमीटरचे प्लाय आणि ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप वापरावेत आणि टाकी दोन्ही चाकांच्या मध्ये, खाली घ्यावी. तिघांना साठ लिटर पुरते. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येते तिथल्या माणसाला एका तांब्यात हात, तोंड आणि भांडे कसे धुवायचे हे कोणी शिकवायला नको.

कप्प्यांना कडी लावा, चुंबक नको. मोहोळजवळच्या एका गतिरोधकावर माझा ओट्याखालचा खण उघडून शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरीची चवड एकदमच खाली आली. चटणीचे तेल लादीच्या फटीत मुरले ते अजून निघालेले नाही. न्हाणीघराविषयी माझे मत असे की ते करूच नये. ते गाडीचा चौथा हिस्सा खाते आणि दिवसातून वीस मिनिटे वापरले जाते. वीसेक लिटरच्या मैलाटाकीचे सुटे शौचालय मिळते, ते खुर्चीइतके उंच येत नाही, पण खाली चौथरा करून उंची वाढवता येते. आईंसाठी बाजूला भिंतीत घट्ट बसवलेली धरायची दांडी हवी. ती नुसत्या प्लायवूडला नको, मागच्या लोखंडी फासळीला बसवलेली हवी.

पायवाट

मी आणि माझे यजमान पाच आसनी मारुती ईको घेऊन फिरतो. मागची सीट दुमडून त्यावर सुटी चौकट आणि गादी टाकतो, परतल्यावर काढून ठेवतो. गाडीला एक भोकही पाडलेले नाही. आमच्याकडे कोणाला ‘कॅम्पर’ म्हटले की लोक त्याच नावाची बोलेरो पिकअप समजून भाडे विचारतात, तो भाग वेगळा.

माझा मुद्दा जरा निराळा आहे. आपण गाडीचा विचार आईंच्या गुडघ्यांसाठी करत आहात, तर गाडी नेमकी कोणती पायरी वाचवते हे पाहावे. गोलघुमटाच्या सज्जाकडे जाणारा अरुंद जिना गाडीने टळत नाही. तो खालूनच पाहावा लागेल. कूडलसंगमला नारायणपूर धरणाच्या जलाशयामुळे लिंगायत संत बसवण्णांच्या ऐक्यस्थळाभोवती (समाधीभोवती) विहिरीसारखे बांधकाम आहे आणि दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावे लागते. उतरणे जमले तरी चढणे गुडघ्यांना जड जाते. हंपीत विठ्ठल मंदिराकडे वाहनतळापासून विजेवर चालणाऱ्या गाड्या जातात, ती सोय उत्तम आहे, पण आवारात चालणे आहेच. राहता राहिला लॉजचा जिना. तळमजल्याची खोली आणि कमोड यांची फोनवर आधी खात्री केली, तर कमलापूरला कर्नाटक पर्यटन महामंडळाच्या मयूर भुवनेश्वरीसारख्या ठिकाणी मुक्काम करून हा प्रश्न लाखो रुपये न घालताही सुटू शकतो. रस्त्यातली अडचण खरी असते ती दोन मुक्कामांच्या मधली: चार तासांच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसाला स्वच्छ, उंच बसायचे शौचालय आणि पाठ टेकायला जागा. तेवढ्यासाठी सुटे शौचालय, त्याभोवती उभा राहणारा छोटा तंबू आणि मागे आडवी होणारी गादी पुरते. मात्र गाडी चालत असताना आईंना गादीवर झोपवू नये. त्यांनी कंपनीच्या सीटवर पट्टा बांधूनच बसावे.

सोरेगावकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाळेच्या गाडीच्या मालकाला बयाणा देणार होतो, तो थांबवला आहे. परिवहन कार्यालयात नकाशासह अर्ज देऊन पोच घेतली. उत्तर आले की इथे कळवीन. कारागिराला एसी आणि न्हाणीघर वगळून पुन्हा आकडा काढायला सांगितले, तर तो थोडा हिरमुसला.

पायवाट यांनी लिहिलेले आईला वाचून दाखवले. कूडलसंगमच्या पायऱ्यांचे ऐकून तिने एवढेच विचारले की मुळात त्या गाडीत चढायला पायरी किती उंच आहे. काल संध्याकाळी टेप घेऊन गेलो. पहिली पायरी जमिनीपासून साडेपंधरा इंच भरली, आणि आमच्या देवघराचा उंबरा, ज्यावर ती रोज माझा हात धरून चढते, तो सहा इंचांचा आहे. मधली साडेनऊ इंचांची तफावत भागवणारी, दुमडून आत जाणारी आणि ऐंशी किलो वजन डुगडुगल्याशिवाय पेलणारी लोखंडी पायरी सोलापुरात कोणी बनवून देत असेल तर कृपया कळवावे.