थोरल्यालाच गादी? योशीयानंतर तरी नाही
वर कोणीतरी म्हटलंय की शलमोनाचा (थोरला नसूनही राजा झालेला दावीदाचा मुलगा) अपवाद सोडला तर यहूदाची, म्हणजे बायबलमधल्या यरुशलेमच्या राज्याची, गादी थोरल्या मुलाकडेच जायची. मला नाही पटत. यहूदाचा राजा योशीया इ.स.पू. 609 मध्ये मगिद्दो इथे मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो नखो याच्या हातून मारला गेला. मग 'देशाच्या लोकांनी' त्याचा मुलगा यहोआहाज याला अभिषेक करून राजा केलं. तेव्हा तो 23 वर्षांचा. तीनच महिन्यांत नखोने त्याला कैद करून त्याचा सावत्र भाऊ एल्याकीम याला बसवलं आणि नाव बदलून यहोयाकीम ठेवलं. याचं वय? 25! म्हणजे थोरला हयात असताना लोकांनी मुद्दाम धाकटा निवडला होता. का, ते बायबलच्या 2 राजे या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात दिलेलं नाही. मिसरविरोधी म्हणून असावा, हा आपला माझा अंदाज.

गंमत पुढे आहे. नखोने 100 किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि एक किक्कार सोनं खंडणी लावली. यहोयाकीमाने ती वसूल केली 'देशाच्या लोकां'कडूनच, ज्यांनी त्याला डावललं होतं! यहोआहाज मात्र परतलाच नाही, मिसरातच मेला. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 22व्या अध्यायात, तो 'शल्लूम' या नावाने येतो. मेलेल्यासाठी (म्हणजे योशीयासाठी) नको, या गेलेल्यासाठी रडा, असं संदेष्टा तिथे सांगतो.