एलएफएमच्या (‘आणखी खेळाडू हवेत’) संदेशात लूटचे नियम तरी पूर्ण शब्दांत लिहा

जलदेवता (धागाकर्ती)

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या क्लासिक ॲनिव्हर्सरी सर्व्हरवर परवा ब्लॅकरॉक डेप्थ्स (बीआरडी) या डन्जनमध्ये, म्हणजे गटाने लढत पार करायच्या भुयारात, हीलर (गटाच्या जखमा भरणारी) म्हणून गेले होते. चॅनेलवरचा संदेश असा होता: ‘एलएफ१एम बीआरडी एम्प रन, नीड टँक, एमएल, एचओजे एचआर’. जुन्या खेळाडूला यात काहीच अडत नाही. एक जण हवाय, तो टँक (शत्रूचे घाव अंगावर घेणारा) हवा, थेट एम्परर या शेवटच्या बॉसपर्यंत जायचंय, लूट, म्हणजे मारलेल्यांकडून निघालेल्या वस्तू, मास्टर लूटर (एमएल) एकटा वाटणार, आणि हँड ऑफ जस्टिस नावाचं ट्रिंकेट पडलंच तर ते आधीच राखून ठेवलंय (एचआर), बाकीच्यांनी त्यावर डोळा ठेवू नये.

आमचा टँक नवा होता. पहिलंच पात्र, लेव्हल ५६. पण खेळला झकास. माझा मॅना (जादूची शक्ती) संपत आला की आपणहून थांबायचा. कवटीची खूण असलेल्याला आधी मारायचा, आणि चंद्राची खूण असलेल्याची मेजने, म्हणजे जादूगाराने, मेंढी केली की त्या मेंढीला चुकूनही धक्का लागू द्यायचा नाही. बीआरडी किती लांबलचक आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, दोन-अडीच तास सहज गेले. एम्परर डॅग्रान थॉरिसान पडला, हँड ऑफ जस्टिस निघालं आणि ते थेट लीडरच्या रोगकडे (‘रोग’ म्हणजे लपूनछपून वार करणारं पात्र) गेलं. टँकने इतकंच विचारलं, ‘यावर रोल (फासा टाकून वाटप) नाही करायचा?’ उत्तर आलं, ‘एचआर. रीड.’ आणि गट मोडला.

नंतर मी त्याला व्हिस्पर (खासगी संदेश) करून सगळं समजावलं. त्याला एमएल म्हणजे ‘मेली’ (जवळून लढणारे) वाटलं होतं आणि एचआर हे एखाद्या बॉसचं नाव वाटलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. लढाईतली लघुरूपं खुशाल वापरा. सीसी, एओई, ओओएम, ॲड्स, जे काय असेल ते. त्यातलं एखादं कळलं नाही तर फार तर वाइप होतो, म्हणजे सगळा गट मरतो, सगळे भूत होऊन धावत परत येतात आणि पुन्हा सुरुवात करतात. पण कोणाला काय मिळणार आणि काय मिळणार नाही हे सांगणारे शब्द संदेशात पूर्ण लिहिलेच पाहिजेत. माणूस त्या शब्दांवर विसंबून आपली संध्याकाळ देतो.

गुपचूप_रोग

असहमत. मी स्वतः एचआर टाकून रन काढतो आणि त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. चॅनेलवर टँक शोधत ताटकळायचं मी, दाराशी उभं राहून लोकांना समन करायचं मी, मधेच कुणी एएफके (खेळ सोडून उठून) गेला तर त्याच्या जागी दुसरा आणायचा मी. याचा मोबदला म्हणून एक वस्तू राखून ठेवली आणि तसं सगळ्यांना आधी सांगितलं. यापेक्षा स्वच्छ व्यवहार कोणता?

राहिला प्रश्न शब्दांचा. संध्याकाळी चॅनेल कसं धावतं ते तुम्ही पाहिलंय. वर बघेपर्यंत संदेश निघून जातो. लांबलचक वाक्य कोणी वाचत नाही, ‘एलएफ१एम टँक’ एवढंच डोळ्यांना टिपता येतं. एलएफजी, एलएफएम, डब्ल्यूटीएस, डब्ल्यूटीबी, बीओई, बीओपी, एमएस ओव्हर ओएस... चॅनेलवर लक्ष ठेवणाऱ्याला हे आठवडाभरात पाठ होतं. आणि नाहीच कळलं तर इनव्हाइट घेण्याआधी विचारायला कोणी अडवलंय?

जलदेवता

@गुपचूप_रोग, एका संदेशात २५५ अक्षरं मावतात. ‘हँड ऑफ जस्टिस माझ्यासाठी राखीव’ एवढं लिहून वर टँकसाठी भरपूर जागा उरते. तुमचा मोबदला तुम्ही घ्या, त्यावर माझा आक्षेपच नाही. तो दुसऱ्याला कळेल अशा भाषेत मागा.

आणि ‘विचारायला कोणी अडवलंय’ म्हणता, पण ज्याला एचआर हे बॉसचं नाव वाटतंय तो विचारणार तरी काय? त्याच्या मते त्याला सगळं समजलेलं आहे.

कडकलक्ष्मी

मी वॉरियर, जास्त वेळ पीव्हीपीत (खेळाडूंविरुद्धच्या लढाईत) असते. मला हा सगळा सूरच पटत नाहीये. लघुरूपं म्हणजे नव्यांना बाहेर ठेवायला कोणी बांधलेली भिंत, असं काहीसं चाललंय इथे.

अराथी बेसिन या रणांगणात पंधरा विरुद्ध पंधरा, पाच ठाणी. लंबर मिलवर मी एकटी आणि समोरून तिघे येताहेत. मी टाइप करते ‘इंक ३ एलएम’. एका हाताने चालत, दुसऱ्या हाताने लिहीत. तेवढ्यावर ब्लॅकस्मिथवरचे दोघं निघाले तर ठाणं वाचतं. पूर्ण वाक्य लिहीत बसले तर ते पाठवेपर्यंत मी मेलेली असते आणि झेंडा बदललेला असतो. डिस्कॉर्डवर बोला म्हणाल, तर अनोळखी चौदा लोकांशी कसं बोलणार?

हे काही वॉरक्राफ्टने सुरू केलेलं नाही. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने मड हा अनेकांनी मिळून खेळायचा खेळ लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. त्यात चित्रं नव्हतीच. चालणं, मारणं, बोलणं, सगळं टाइप करायचं. तिथे हिंडणाऱ्या प्राण्यांना ‘मोबाइल’ म्हणायचे, त्याचं मॉब झालं ते आपण आजही म्हणतो. टाइप करत जगायचं असेल तर शब्द आखूड होणारच. यात कोणाला हिणवायचा हेतू नाही.

नवा माणूस शिकतो. मी शिकले, तुम्ही शिकलात. आल्या दिवशी सगळं कळलंच पाहिजे असा हट्ट कशाला?

सह्यकडा

कडकलक्ष्मी, शिकायला हरकत नाही, पण शिकायचं नेमकं काय? एकेका लघुरूपाचे तीन-तीन अर्थ आहेत. एचएस म्हणजे हर्थस्टोन, हेल्थस्टोन की हिरोइक स्ट्राइक? बोलणारा वॉरलॉक आहे की वॉरियर यावर ठरतं. डीएमचं तर माहीतच आहे. आधी डेडमाइन्स या डन्जनला डीएम म्हणायचे, २००५ मध्ये डायर मॉल हे दुसरं डन्जन आलं आणि तेही डीएम झालं. मग डेडमाइन्सला तिथल्या शेवटच्या बॉसवरून, म्हणजे व्हॅनक्लीफवरून, व्हीसी म्हणायला लागले. नवा माणूस नकाशात व्हीसी शोधत बसतो, तो सापडणार कसा? डेडमाइन्सला तर लेव्हल विशीच्या आतबाहेरचे, म्हणजे सगळ्यात नवे लोक जातात.

आणि एसटी. सनकन टेंपलही एसटी, अराथीतले स्टेबल्सही एसटी, सर्व्हर टाइमही एसटी. आपण भारतातून युरोपच्या सर्व्हरवर खेळणारे यात हमखास मार खातो. ‘रेड २० एसटी’ (रेड म्हणजे मोठ्या गटाची मोहीम) म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा, कारण तिकडची घड्याळं तासभर मागेपुढे होतात. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या गिल्डमधली (खेळाडूंच्या संघातली) भारतातली मंडळी दरवर्षी तासभर आधी येऊन बसतात. संदेशात ‘मध्य युरोपची वेळ’ एवढं कोणी लिहीत नाही.

म्हणून मी जलदेवता यांच्या पुढे जाऊन म्हणेन, लूटच नव्हे, जागा आणि वेळही पूर्ण लिहा.

हिरवा_कोंब

मी फायनल फँटसी १४ खेळतो, तिकडचा अनुभव सांगतो. तुमचा वाद शब्दांवर चाललाय, मला मूळ दुखणं वेगळं वाटतं. आमच्याकडे गट आपोआप जमतो, चॅनेलवर हाका मारायची गरज नाही. नव्याच्या नावापुढे हिरव्या कोंबाची खूण असते. मुख्य म्हणजे गटातला एखादा त्या डन्जनमध्ये पहिल्यांदाच आला असेल तर खेळ ते सगळ्यांना जाहीर करतो आणि सगळ्यांना जादा बक्षीस देतो. त्यामुळे ‘नवा आहे’ हे ऐकून जुने खूश होतात. कोणीतरी आपणहून लिहितं, ‘पहिल्यांदा आलायस? या बॉसला सगळ्यांनी एकत्र उभं राहा, त्या खुणेला लांब पळ.’ लघुरूपं आमच्याकडेही ढिगाने आहेत, पण ती टोचत नाहीत.

त्याच कंपनीच्या फायनल फँटसी ११ मध्ये, म्हणजे २००२च्या खेळात, जपानी आणि इंग्रजी खेळाडू एकाच सर्व्हरवर होते. तेव्हा त्यांनी ठरावीक वाक्प्रयोगांची यादीच खेळात दिली. तुम्ही यादीतून निवडायचं, समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसायचं. एकमेकांच्या भाषेचं अक्षर न कळता लोक गट करून लढायचे. म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनी मनावर घेतलं तर होतं. खेळाडूंना नियम घालून होत नाही.

कडकलक्ष्मी

वॉरक्राफ्टमध्येही आहे की. चॅटमध्ये स्लॅश देऊन ओओएम टाका, तुमचं पात्र मॅना कमी असल्याचं सगळ्यांना पूर्ण वाक्यात सांगतं. किती हीलर वापरतात? नुसतं ओओएम लिहून मोकळे होतात. पटकन होतं म्हणून.

नवखा६०

ताई-दादांनो, इथे नवा मीच दिसतोय, म्हणून लिहितो.

जलदेवता ताई, तुमची कळकळ पोचली. पण लढाईतला शब्द कळला नाही तर फक्त वाइप होतो, हे खरं नाही. स्कार्लेट मॉनेस्टरीत मी हंटर घेऊन गेलो होतो. टँकने लिहिलं ‘एलओएस पुल’. म्हणजे शत्रूला डिवचून सगळ्यांनी भिंतीमागे जायचं, म्हणजे लांबून जादू फेकणारेही आपल्या अंगावर चालत येतात. आज कळतं. त्या दिवशी सगळे कोपऱ्यामागे गेले आणि मी दारात उभा राहून बाण मारत होतो. जादूवाले जागचे हलले नाहीत, उलट पलीकडच्या खोलीतले आणखी चौघे आले. सगळे मेले. कोणी एक अक्षर बोललं नाही. मी भूत होऊन परत धावत असतानाच मला गटातून काढलं. म्हणजे माझीही संध्याकाळ गेलीच की.

आणि रोग दादा, मी विचारतो. दर वेळी विचारतो. उत्तर येतं ‘लोल’, नाहीतर इनव्हाइट दुसऱ्याला जातं. विचारणारा नवा आहे हे कळलं की त्याला घ्यायचंच नाही, असं चालतं. म्हणून नवे लोक न विचारता हो म्हणतात. तुम्ही म्हणता विचारायला कोणी अडवलं नाही. अडवलंय.

जलदेवता

@नवखा६०, फार बरं झालं लिहिलंस. तुला काढणाऱ्या टँकला ‘कोपऱ्यामागे या’ एवढं लिहायला किती वेळ लागला असता? पुल करण्याआधी तर कोणाचाच जीव जात नसतो. कडकलक्ष्मीचं लंबर मिल वेगळं, तिथे खरोखर सेकंद मोजायचे असतात. पण डन्जनच्या दारात उभं राहून बफ (ताकद वाढवणारी जादू) देताना, पाणी पिताना कसली घाई? लघुरूपांचा निम्मा वापर घाईत होतच नाही, तो सवयीने होतो.

तरी मी लूटवर अडून राहीन. एलओएस तू एकदा मार खाऊन शिकलास, आणि पुढच्या प्रत्येक गटाला त्याचा उपयोग होईल. एचआर मार खाऊन शिकण्यात कोणाचाच उपयोग नाही, फक्त राखून ठेवणाऱ्याला फुकटात टँक मिळतो. ज्या शब्दाचं अज्ञान एकाच बाजूला फायद्याचं ठरतं, तो उलगडून सांगायची जबाबदारी त्याच बाजूवर असते.

गुपचूप_रोग

‘फुकटात टँक’ हे लागलं. त्या टँकला क्वेस्ट पूर्ण करायला मिळाले, अनुभव मिळाला, बाकीच्या वस्तूंवर रोल मिळाला.

लूटचे शब्द आखूड आहेत कारण ते पक्के आहेत. १९९९च्या एव्हरक्वेस्टमध्ये मोठ्या गिल्ड नागाफेन आणि व्हॉक्स हे ड्रॅगन मारायला लागल्या. माणसं ढीगभर, वस्तू दोन-चार, रोज भांडणं. त्यातून डीकेपी निघालं, म्हणजे ड्रॅगन मारायला आल्याचे गुण, आणि त्या गुणांवर वस्तूची बोली. वॉरक्राफ्टमधल्या मोल्टन कोरच्या रेडला चाळीस जण न्यायचे तेव्हा हाच हिशोब चालायचा. पुढे एसआर आलं, प्रत्येकाने आधीच एखाद-दोन वस्तू नोंदवायच्या आणि नोंदवणाऱ्यांतच रोल. डीकेपी, एसआर, एचआर यांचा अर्थ खेळणाऱ्या सगळ्यांत ठरलेला आहे. ‘राखीव’ लिहिलं तर दहा जण दहा अर्थ काढतील. थोडं राखीव, की कोणी मागितलं तर देणार, की क्लासप्रमाणे?

आणि एचआर वाईटच असतं तर ब्लिझार्डने, म्हणजे खेळ बनवणाऱ्या कंपनीने, बंद केलं असतं. सोन्यावर बोली लावायचं जीडीकेपी त्यांनी २०२४ मध्ये सीझन ऑफ डिस्कव्हरी या क्लासिकच्या दुसऱ्या प्रकारात बंद केलं, ॲनिव्हर्सरी सर्व्हरवरही चालू दिलं नाही. एचआरला हात लावला नाही.

सह्यकडा

जीडीकेपी बंद झालं ते खऱ्या पैशांनी विकत घेतलेल्या सोन्यामुळे. त्याचा नव्यांना फसवण्याशी संबंध नाही. ‘बंदी नाही’ म्हणजे ‘रास्त आहे’ असं कसं म्हणता येईल?

आणि पक्केपणाचं म्हणाल तर ‘एचओजे एचआर’मध्ये ते कोणासाठी राखलंय हे कुठे आहे? लीडरसाठी, त्याच्या मित्रासाठी, की गिल्डसाठी? तुमच्या लघुरूपात निम्मा करारच गायब आहे.

जलदेवता

हेच मला म्हणायचं होतं. शनिवारी रात्री मी स्वतः बीआरडी काढतेय. संदेश असा जाईल: ‘बीआरडी एम्पररपर्यंत, अंदाजे अडीच तास, एक टँक हवा, नवा चालेल. हँड ऑफ जस्टिस आमच्या रोगसाठी राखीव, बाकी सगळ्यावर सगळे रोल करतील.’ बघू कोण येतंय. नवखा६०, हंटर घेऊन ये, एक जागा तुझी.

गुपचूप_रोग

म्हणजे राखून तुम्हीही ठेवताच आहात! बरं. चॅनेलवर मी एचआरच लिहिणार, त्यात बदल नाही. पण इनव्हाइट देताना प्रत्येकाला एका मॅक्रोने व्हिस्पर जाईल, कोणती वस्तू आणि कोणासाठी. एक बटण दाबायचं आहे, तेवढं करायला माझी ना नाही.

कडकलक्ष्मी

इनव्हाइटसोबत कशाला? तेव्हा माणूस गटात शिरलेला असतो, पुष्कळदा निम्म्या वाटेवर असतो. तिथून माघार घ्यायची तर नव्याला तोंड उघडवत नाही. पाठवायचंच असेल तर आधी पाठवा, त्याचं ‘ओके’ येऊ द्या, मग इनव्हाइट करा.

नवखा६०

शनिवारी येतो. भारतातले किती वाजता?