आईला घेऊन फारसं कुणी जात नाही अशा जागी जायचं आहे, कुठे जावं?

मुक्ता_वाट

आई या वर्षी निवृत्त झाली. तीस वर्षं तिने भूगोल शिकवला आणि त्या तीस वर्षांत परदेशात एकदाही गेली नाही. मी म्हटलं, आता तू म्हणशील तिकडे जाऊ. मला वाटलं पॅरिस नाहीतर स्वित्झर्लंड म्हणेल. ती म्हणाली, "जिचं नाव मी वर्गात कधी घेतलंच नाही, अशा जागी ने."

गेले तीन आठवडे शोधतेय. 'जगातली अनोखी ठिकाणं' म्हणून जे काही सापडतं त्यात सगळीकडे तेच पंधरा-वीस फोटो आणि खाली दोन ओळी. तिथे पोचायचं कसं, कुठल्या महिन्यात, आणि पोचल्यावर दिवसभर करायचं काय, याबद्दल अवाक्षर नाही.

बारा दिवस हातात आहेत. आई ६१ वर्षांची आहे, रोज चार-पाच किलोमीटर आरामात चालते, पण उतारावर उजवा गुडघा धरतो. साध्या सोयींची आम्हा दोघींनाही सवय आहे. गर्दी नको, आणि नुसतं बघून परत यायचं नाही. ती जागा अशी का आहे हे कळलं नाही तर आईला चैन पडत नाही. स्वतः जाऊन आलेल्यांनी लिहिलं तर फार मदत होईल.

उंबरठा

मुक्ता, तुझ्या आईचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

अशी जागा निवडताना मी आधी एकच गोष्ट शोधते: ही जागा आजवर लोकांना माहीत का नाही? काहीतरी कारण असतंच. डोंगर आडवा आलेला असतो, नाहीतर समुद्र, युद्ध किंवा सरकारी परवाना. ते कारण सापडलं की कधी जायचं, किती दिवस राखून ठेवायचे, तिथली माणसं अशी का, हे सगळं त्याच्यामागोमाग कळत जातं. फेरो बेटांवरच्या गासादालुर गावाचा धबधबा तू त्या पंधरा-वीस फोटोंमध्ये पाहिलाच असशील. त्या गावाला २००० सालानंतर बोगदा खोदला गेला, तोपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. पोस्टमन टपाल घेऊन डोंगर चढून यायचा. हे माहीत असलं की तीच जुनी पायवाट चढाविशी वाटते, नाहीतर माणूस धबधब्यापाशी दहा मिनिटं थांबतो आणि निघतो.

माझं उत्तर स्वानेती. जॉर्जियाच्या वायव्येला, कॉकेशस पर्वताच्या ऐन कुशीत. मी २०१९ च्या सप्टेंबरमध्ये गेले होते. त्बिलिसीहून रात्रीच्या गाडीने झुगदिदी आणि तिथून छोट्या बसने मेस्तिया. बस एंगुरी नदीच्या काठाकाठाने चढत जाते आणि वाटेत एंगुरीचं धरण लागतं. २७१ मीटर उंचीची ती कमान बघून आईंचा तिथून पाय निघणार नाही.

मेस्तियात शिरलं की घरांमधून दगडी बुरूज वर आलेले दिसतात. किल्ल्याचे नाहीत, घराघराचे. बरेचसे ९ व्या ते १२ व्या शतकातले. बाहेरून आक्रमण आलं किंवा दोन घराण्यांत खुनाचं वैर पेटलं की सगळं कुटुंब बुरुजात जायचं. संग्रहालय केलेल्या एका घराच्या बुरुजात मी चढले. आत जिना नाही. लाकडी शिडीने एक मजला चढायचा, छतातल्या माणूसभर भोकातून वर निघायचं, की पुढची शिडी. वरच्या माणसाने शिडी ओढून घेतली आणि भोकावर दगडी फरशी सरकवली, की खालच्याचा मार्ग संपला. मी त्या फरशीच्या कडेवर हात ठेवला होता. कड झिजून गुळगुळीत झालेली होती, आणि ती किती वेळा सरकवली गेली असेल या विचाराने मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

आता ती जागा अपरिचित राहण्याचं कारण बघ. स्वारी आली की सखल भागातले लोक चर्चमधल्या मूर्तिचित्रांसारखा ऐवज वर स्वानेतीत नेऊन लपवायचे, कारण तिथवर शत्रू पोचत नसे. ८९७ साली लिहिलेली, तिथल्याच आदिशी गावची शुभवर्तमानाची (बायबलमधल्या येशूचरित्राची) पोथी आज मेस्तियाच्या संग्रहालयात बघायला मिळते. वाट अवघड होती म्हणून ती टिकली.

मेस्तिया ते उश्गुली गाव अशी चार दिवसांची पायवाट आहे, पण तिसऱ्या दिवशी सुमारे २,७०० मीटरची खिंड चढून पलीकडे बराच उतार आहे. आईंच्या गुडघ्यासाठी ती नको. उश्गुलीला मेस्तियाहून गाडीने जाता येतं. समोर श्खारा उभा असतो, ५,००० मीटरच्या वर, जॉर्जियाचं सर्वोच्च शिखर.

एक गोष्ट मात्र आईंना नक्की सांग. त्याच पायवाटेवर आदिशीच्या पुढे हिमनदीतून निघणारा प्रवाह ओलांडायचा असतो. पूल नाही, घोडेवाले पलीकडे नेतात. आम्ही गावात रेंगाळलो आणि दुपार झाल्यावर काठावर पोचलो. घोडे परत गेले होते. पाणी राखाडी, मांडीपर्यंत, आणि तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. आम्ही मुकाट्याने मागे फिरलो, एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तोच प्रवाह निम्मा होता. रात्री थंडीने हिमनदीचं वितळणं मंदावतं, ऊन चढलं की पुन्हा पाणी वाढतं. शाळेत हे वाचलेलं होतं, पण त्या काठावर उभी राहिले तेव्हा ते खऱ्या अर्थाने समजलं.

खारा_वारा

स्वानेती उत्तमच. मी सेंट हेलेनाचं नाव सुचवतो. दक्षिण अटलांटिकमधलं १२० चौरस किलोमीटरच्या आसपासचं बेट. नेपोलियनला १८१५ मध्ये इथे आणलं आणि १८२१ मध्ये तो इथेच गेला. त्याची कबर आता रिकामी आहे, १८४० मध्ये अवशेष फ्रान्सला नेले.

मी गेलो तेव्हा केपटाउनहून टपाल-जहाजाने पाच रात्री लागायच्या. पाच दिवस फक्त पाणी. मग पहाटे काळा उघडा कडा दिसतो आणि त्या कड्याच्या फटीत बसवलेलं जेम्सटाउन. विमानतळ बांधून झाला, पण धावपट्टीवरच्या उलटसुलट वाऱ्यांमुळे नियमित विमान सुरू व्हायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. जहाज पुढच्याच वर्षी बंद झालं. म्हणजे उंबरठाताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे 'वारा' असं आहे.

भूगोलाच्या बाईंना दाखवण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे किनाऱ्यावर निवडुंग आणि कोरडा खडक, तर गाडीने अर्ध्या तासावर डायनाज पीकवर ढगातलं जंगल. माणसाच्या उंचीचे नेचे, अंगावर सतत धुकं. इतक्या छोट्या जागेत इतका फरक मी दुसरीकडे पाहिला नाही. गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात जोनाथन नावाचं कासव आहे, जन्म साधारण १८३२ चा समजतात. त्याला दिसत नाही, वास येत नाही, पण सांभाळणाऱ्याचा आवाज आला की मान वळवतो.

जेम्सटाउनमधून कड्यावर चढणारी जेकब्ज लॅडर, ६९९ पायऱ्या, आईंनी फक्त खालून बघावी. दुसरी अडचण दिवसांची आहे. विमानं आठवड्यातून एक-दोनच, हवा बिघडली की तीही लांबतात. बारा दिवसांत बसवाल, पण ताणाताण होईल.

पर्णिका

कुणीतरी सोकोत्रा सुचवेलच, म्हणून आधीच लिहिते. येमेनचं बेट, छत्रीसारखी ड्रॅगन ब्लड झाडं. मी झाडांवर काम करते, त्यामुळे या झाडावर माझा फार जीव आहे. ती छत्री धुक्यातलं पाणी गोळा करून मुळाशी उतरवते. आज जंगलात बहुतेक झाडं म्हातारीच दिसतात, कारण कोवळं रोप बकऱ्या खातात. त्यात २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्याभरात दोन चक्रीवादळं आली आणि कितीतरी जुनी झाडं मुळासकट पडली.

बेटावर होक नावाची गुहा आहे. तिच्या आत खोलवर भिंतींवर ब्राह्मी लिपीत खलाशांनी आपली नावं लिहून ठेवली आहेत. बरीचशी दीड ते दोन हजार वर्षांपूर्वीची.

पण आईला घेऊन आत्ता जाऊ नकोस. देश युद्धातून बाहेर आलेला नाही, अनेक सरकारांचा तिथे जाऊ नका असा सल्ला आहे आणि बहुतेक प्रवासविमे तिथे लागू होत नाहीत. जून ते सप्टेंबर वारा इतका असतो की उभं राहणं मुश्कील. बेट कुठे पळून जात नाही. ज्या जागेवर प्रेम आहे तिथे न जाण्याचा सल्ला देणं मला जड जातं, तरीही देते.

दगडफूल

मुक्ता, अट मोडणारं उत्तर देतोय. मुयनाक, उझबेकिस्तानातल्या काराकल्पाकस्तानात. अरल समुद्राचं जुनं बंदर.

१९६० पर्यंत अरल हे जगातलं चौथं मोठं सरोवर होतं. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं आणि सरोवर आटत गेलं. मुयनाकमध्ये मासे डबाबंद करण्याचा कारखाना होता. पाणी दूर गेल्यावरही तो चालू ठेवला, मासे बाहेरून आगगाडीने आणून. आज गावाच्या कडेला कड्यावर उभं राहिलं की खाली वाळूत गंजलेली जहाजं ओळीने दिसतात आणि क्षितिजापर्यंत झुडपं. मी वाळूत उतरलो. पायाखाली शिंपले कुरकुरत होते. जहाजाच्या पत्र्याला हात लावला तर तळव्याला तांबडी पूड लागली, ती संध्याकाळपर्यंत रेषांमध्ये राहिली. पाणी तिथून शंभराहून जास्त किलोमीटर लांब गेलंय.

नुकुस शहराहून गाडीने तीन-चार तास. नुकुसमध्ये साविट्स्की संग्रहालय चुकवू नका. इगोर साविट्स्की १९५० मध्ये पुरातत्त्वाच्या मोहिमेबरोबर चित्रकार म्हणून तिकडे आला आणि राहिला. सोव्हिएत राजवटीत जी चित्रं दाखवायला बंदी होती, ती त्याने चित्रकारांच्या घरांतून, विधवांकडून गोळा केली. १९६६ मध्ये संग्रहालय उघडलं. मॉस्को इतकं लांब की कुणाचं लक्ष गेलं नाही. स्वानेतीच्या पोथीसारखंच झालं की.

मुक्ता_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. हिमनदीच्या पाण्याशी तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. सोकोत्राच्या झाडाशी ती गप्प झाली.

अरलचा भाग वाचून झाल्यावर ती उठली आणि कपाटातून जुना नकाशासंग्रह काढून आणला. त्यात अरल अजून अख्खा निळा आहे. म्हणाली, "हे मी शिकवलंय. चौथ्या क्रमांकाचं सरोवर, गाळलेल्या जागा भरा. आटायला लागलं होतं तरी कितीतरी वर्षं मी तेच शिकवत होते." मग बराच वेळ त्या निळ्या रंगावर बोट ठेवून बसली.

तर ठरलं. तिची अट तिनेच मोडली. दगडफूल, कुठला महिना? आणि पाण्यापर्यंत जाता येतं का?

दगडफूल

एप्रिलअखेर ते मे, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. मधल्या महिन्यांत ४० अंशांच्या वर जातं आणि जहाजांपाशी सावली नाही. मुयनाकहून चारचाकी ड्राइव्हच्या गाडीने उस्त्युर्त पठारावरून पाण्यापर्यंत जाता येतं, दिवस मोडतो, म्हणून तिथे एक रात्र राहायचं. काठावर युर्टचे, म्हणजे गोल तंबूंचे तळ आहेत. उतार गाडीनेच होतो, गुडघ्याला त्रास नाही. तोंडाला बांधायला कापड ठेवा, तळाची धूळ मीठ आणि शेतीच्या रसायनांनी भरलेली आहे, वारा सुटला की घशात जाते.

आणि आईंना हेही सांग की उत्तरेला, कझाकस्तानच्या बाजूला, २००५ मध्ये कोकअरलचं धरण झालं. तिकडे पाणी चढलंय आणि मासेमारी पुन्हा सुरू झालीय.

उंबरठा

स्वानेती पुढच्या वर्षी. मुक्ता, तो जुना नकाशासंग्रह बरोबर ने. जहाजांजवळ फलकांवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर होतं याचे नकाशे लावलेत असं ऐकलंय. आईंना दोन्ही शेजारी धरून बघू दे.