शुगर नसताना शुगरची गोळी?

प्रश्न: बाबांना हार्ट फेल्युअर सांगितलंय, इकोत इएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३०. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. शुगर नाही, तरी डॅपाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी दिलीय. चुकून का?

उत्तर १: चुकून नाही हो. मधुमेह नसलेल्यांनाही ती हृदयासाठी उपयोगी पडते, हे २०१९च्या मोठ्या चाचणीत दिसलं. परस्पर बंद करू नका. आणि हृदय बंद पडलेलं नाही, पंप कमी पडतोय. नॉर्मल इएफ साधारण ५५ ते ७०.

उत्तर २: माझ्या आईचं रोज सकाळी चहाआधी वजन करतो, वहीत लिहितो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की पाणी साठतंय समजायचं, लगेच डॉक्टरांना फोन. लोणचं-पापड बंद. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी मनाने अजिबात नको, त्याने अंगात पाणी धरतं.

प्रश्नकर्ती: अगंबाई, बाबा तीच घेतात! आत्ताच डॉक्टरांना विचारते.