गेमसाठी म्युझिक करतोय, लूपला खटका बसतो आणि तिसऱ्या फेरीला डोकं उठतं

पेटीमास्तर:
नमस्कार मंडळी, पहिलीच पोस्ट आहे, सांभाळून घ्या. मी काही म्युझिशियन नाही, दिवसभर इचलकरंजीत सूतगिरणीत अकाउंट्स बघतो आणि एकादशीला भजनी मंडळात पेटी धरतो, लहानपणी गांधर्वच्या संगीताच्या परीक्षा दिल्या त्या प्रवेशिका पूर्णपर्यंत, बस एवढंच. तर झालंय असं की मामेभाऊ पुण्यात नोकरी सांभाळून गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) टूडी गेम बनवतोय, रात्रीच्या वाड्यात एक मुलगी एकेक दिवा लावत फिरते असा, आणि म्युझिक तूच कर म्हणून माझ्या मागे लागलाय. मी हौसेनं रेकॉर्डिंगचं रीपर सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, भूप रागात चाल बसवली, १६ मात्रांच्या तीनतालाची ४ आवर्तनं, टेम्पो मिनिटाला ९६ मात्रा, बरोबर ४० सेकंद. नुसती ऐकली तर खरंच छान वाटते, मंडळातल्या लोकांनाही आवडली. पण गेममध्ये लूपवर, म्हणजे संपली की परत पहिल्यापासून अशी टाकली की दोन भानगडी. एक म्हणजे दर फेरीला शेवटी बारीकसा खटका बसतो, जणू कुणीतरी भाता मध्येच सोडला. दुसरी म्हणजे तिसऱ्या फेरीला बायको आतून ओरडली की ते बंद करा आधी. आणि हो, पैशाचं विचारलं तर भाऊ म्हणतो विकला गेला तर बघू अर्धं अर्धं. काय करू?

रात्रपाळी:
खटक्याचं आधी सांगतो, ते सोपंय. तुम्ही एमपीथ्री एक्सपोर्ट केलंय ना? पैज लावतो तेच असणार. एमपीथ्री आवाज ११५२ सॅम्पलच्या (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप) तुकड्यांत भरतं. तुमचे ४० सेकंद म्हणजे सेकंदाला ४४१०० नं १७,६४,००० सॅम्पल, त्याला ११५२ नं भागा, १५३१ पूर्ण आणि वर पाव उरतो. मग शेवटचा तुकडा शांततेनं भरून काढतात, शिवाय सुरुवातीलाही एन्कोडर थोडी रिकामी जागा सोडतो, ती वेगळीच. गाण्यात कळत नाही, लूपमध्ये लगेच कळतं. ओजीजी किंवा वेव्ह फाइल काढा आणि गोडोच्या इम्पोर्ट टॅबमध्ये लूपवर टिक करून रीइम्पोर्ट करा, टिक करून नुसतं बंद केलं तर काही होत नाही, मी यात एक अख्खी रात्र घालवलीय.

तरी थोडं खटकलंच तर ते रिव्हर्बचं, म्हणजे आवाज घुमतो त्याचं शेपूट. शेवटच्या सुराची आस ४० व्या सेकंदाला कापली जाते आणि पहिली सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एकदम कोरडी येते. त्यासाठी चाल लागोपाठ दोनदा वाजवून एक्सपोर्ट करायची आणि दुसरी फेरी तेवढी कापून घ्यायची, म्हणजे आधीच्या फेरीची आस तिच्या सुरुवातीत आलेली असते.

भाई_एआय:
एवढं कशाला करताय राव, एआयला सांगा, दोन मिनिटात दहा ट्रॅक देईल 😂

पेटीमास्तर:
देईल की, पण मग मी संध्याकाळी काय करू?

धाधिंधिंधा:
मी तबला वाजवतो, म्हणून माझं वेगळंच म्हणणं आहे. दादा, तुम्ही कधी लेहरा धरलाय का? तबल्याच्या सोलोला पेटीवाला काय करतो, चंद्रकंस रागातली १६ मात्रांची एक ओळ घेतो आणि पाऊण तास तीच वाजवतो. तीच! पण आजवर कुठल्या श्रोत्याने उठून सांगितलं का की पेटी बंद करा? नाही, कारण कान तबल्याकडे असतो, लेहरा म्हणजे नुसती खालची जमीन. आणि पेटीवाल्याला मध्येच हुक्की आली, मुरकी घेतली, तर तबलजी कसा बघतो ते तुम्हाला माहीत असेल. गेममध्ये तबलजी म्हणजे खेळणारा. तुम्ही भजनाची चाल दिलीय, ती ऐकण्यासाठी केलेली आहे, मुखडा (चालीची ओळखीची ओळ) आला की माणूस मान वर करतोच, आणि दर ४० सेकंदाला मान वर करायला लागली तर बायकोचं काय चुकलं?

माझ्या मते चालीतून मुखडा काढून टाका. तानपुरा ठेवा, पेटीचे दोन-तीन लांब सूर ठेवा, मध्ये एखादं आवर्तन सरळ रिकामं सोडा. पूर्ण चाल फक्त शेवटचा दिवा लागतो तिथे वाजू दे, एकदाच. बघा कसा काटा येतो. भूप घेतलात हे नशीबच म्हणायचं, मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे पाचातले कुठलेही सूर एकमेकांवर आले तरी फारसं बोचत नाही.

कुडाळचो_बाबलो:
वरच्यांनी लेहरा म्हटलं ते पटलं पण अर्धंच. लेहरा ठरलेला असतो, खेळणारा ठरलेला नसतो, तो वाड्यात एका जिन्यावर वीस मिनिटं बसून राहील नाहीतर धावत सुटेल. आमच्याकडे दशावतारात पेटीवाल्याचं रोजचं दुखणं हेच. संवाद लिहिलेले नसतात, राक्षस रंगात आला तर किती वेळ बोलेल ते त्यालाच ठाऊक नाही, पेटी आणि मृदंग त्याच्या तोंडाकडे बघत तोच सूर घोळवत बसतात, आणि त्याने तलवार उपसली की झांजेसकट सगळे एकदम. माझे काका वाजवायचे. ते म्हणायचे डोळे नटावर ठेवायचे, बोटं आपली आपण चालतात.

आता संगणकाला डोळे नाहीत म्हणून ते भावाने करायचं. तुम्ही एकाच लांबीच्या तीन-चार फायली द्या, एकात नुसता तानपुरा, एकात पेटी, एकात तबला. गोडो ४.३ पासून ऑडिओस्ट्रीमसिंक्रोनाइज्ड आहे, सगळं एकत्र चालू ठेवतं, प्रत्येकाचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. दिवा लागला की पेटी वर येते, भूत आलं की तबला. आणि पूर्ण वेगळ्या चालीवर जायचं असेल तर ऑडिओस्ट्रीमइंटरॅक्टिव्ह, त्याला सांगता येतं की लगेच बदलू नको, पुढच्या बारपर्यंत थांब. म्हणजे आपल्या भाषेत समेवर ये. बीपीएम (मिनिटाचे ठोके) आणि बारचे बीट इम्पोर्टमध्ये भरायला विसरू नका.

अवांतर, डग्ग्यावर (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) भिस्त ठेवू नका. लोक मोबाईलच्या स्पीकरवर खेळतात, तिथे डग्गा म्हणजे असून नसल्यासारखा.

मंजिरी_के:
सगळे सुरात बोलताय म्हणून मी बेसूर विषय घेते. ‘विकला गेला तर बघू’ हे भावाभावातच सगळ्यात महागात पडतं. मी वकील नाही, पण ऑफिसात हे कागद रोज हाताखालून जातात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेलं लागतं (कलम १९). त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे गेम जगभर विकायला ठेवला तर भावाचीच पंचाईत. त्यापेक्षा हक्क स्वतःकडे ठेवा, त्याला या गेममध्ये वापरायचं लायसन्स मुदत आणि प्रदेशासकट लिहून द्या, एका पानाचं पुरे. आणि अर्धं म्हणजे कशाचं अर्धं ते लिहा, स्टोअरने आपला वाटा कापल्यावरचं की आधीचं. कागद आत्ता करा, अजून एक रुपयाही आलेला नाही तोवर भांडण होत नाही.

बाहेरून काही आवाज घेतलेत का?

पेटीमास्तर:
देवळातल्या घंटेचा घेतलाय फ्रीसाउंड वेबसाइटवरून. फ्रीच असतं ना ते?

मंजिरी_के:
डाउनलोड फ्री. प्रत्येक आवाजाचं लायसन्स वेगळं असतं, नॉन कमर्शियल लिहिलं असेल तर विकायच्या गेममध्ये चालणार नाही. अहो इचलकरंजीत घंटेला काय तोटा, पहाटे मोबाईल घेऊन जा.

पेटीमास्तर (११ दिवसांनी):
उशिराबद्दल माफी, मार्च एंड होता. ओजीजी केल्यावर खटका गेला, शेपटाची युक्तीही केली. मुखडा काढताना जीव तुटला खरा, पण काढला. काल मुद्दाम काही न सांगता गेम चालू ठेवला, बायको शेजारी भाजी निवडत होती, वीसेक मिनिटांनी मीच विचारलं तर म्हणे कसलं म्युझिक? आधी वाईट वाटलं, मग धाधिंधिंधा आठवले. घंटा आमच्या मारुतीची घेतली, त्यात एक कुत्रं भुंकलंय, भाऊ म्हणतो राहू दे. कागदाचं त्यालाच आधी सुचलं होतं म्हणाला, बोलायला लाजत होता.

आता नवीनच. खऱ्या पेटीबरोबर प्लगइनची (संगणकातली) बासरी लावली की थरथर ऐकू येते, दोन्ही सुरात असून.

रात्रपाळी:
पेटी जुनी आहे ना? ४४० वर, म्हणजे प्लगइनच्या ठरलेल्या पट्टीवर नसणार. पेटीला हात लावू नका. रीपरमध्ये रीट्यून (सूर मोजणारं) टाकून बघा पेटी किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर आहे, आणि बासरी-तानपुरा सगळं तेवढं वर करा. खेळणाऱ्याकडे ट्यूनर नसतो.

पेटीमास्तर:
२२ सेंट चढी निघाली! आजोबांची आहे. बासरी जुळली. आता सगळे सूर परत रेकॉर्ड करतोय, पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, एप्रिलची दुपार, दर दोन आवर्तनांनी घाम पुसायला थांबतो तेवढंच.